दहाव्याला दिलेला शब्द

भागीरथाच्या दहाव्याला शिवनाथ नदीच्या घाटावर कावळा काही पिंडाला शिवेना. मार्चचं ऊन डोक्यावर आलं होतं. कुरुदहून आलेली वीस-बावीस माणसं एका कडुनिंबाखाली सावली धरून उभी होती. कावळे नव्हते असं नाही. तीन-चार समोरच्या विजेच्या तारेवर बसून खाली बघत होते, पण उतरत नव्हते. शेजारचे साहूजी खास छत्तीसगढी. अशी वाट बघत बसणं त्यांना नवीन होतं. ते दोनदा भागीरथाच्या नवऱ्याजवळ, रामाजीजवळ येऊन हळूच विचारून गेले, अब किसका इंतजार है भैया.

रामाजीनं त्यांना समजावलं की गेलेल्या माणसाचं काही मनात राहून गेलं असलं की कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी ते ओळखायचं आणि पुढं होऊन शब्द द्यायचा. खरं ओळखलं तर कावळा येतो.

आधी भागीरथाची धाकटी बहीण रुक्मा पुढं झाली. ती तुमसरजवळच्या गावाहून आली होती. बाई, तुझ्या मोहितच्या घरी पाळणा हलेल, काळजी करू नको, असं तिनं हात जोडून सांगितलं. मोहितची बायको हर्षा खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिली. कावळा आला नाही. मग मोहितनं सांगितलं की बाबांना मी एकटं पडू देणार नाही. तरी नाही. कोणी म्हणालं दागिना राहिला असेल, कोणी म्हणालं माहेरच्या देवाचं काही असेल. भटजी घड्याळ बघू लागले.

रामाजीला पहिल्यापासून माहीत होतं काय राहिलं ते. लोकांपुढं बोलायची लाज वाटत होती, एवढंच. भागीरथाला समुद्र पाहायचा होता. नुसता काठावरून नाही, आत जाऊन, खालून. टीव्हीवर एकदा तिनं पाहिलं होतं, माणसं पाठीवर सिलिंडर लावून पाण्याखाली माशांच्या मधून फिरतात. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी विषय निघायचा. अजी, आपण जाऊ ना एकदा. आणि रामाजी दर वेळी तेच सांगायचा, की ज्या जागी माणसाले पाठीवर सिलिंडर घेऊन जा लागते, ती जागा माणसाची नाही. त्याला ते सांगायचा अधिकार होता. चौतीस वर्षं त्यानं पोलादाच्या प्लांटमध्ये गॅस सेफ्टीत काढली होती. ज्या गॅसला ना रंग ना वास, त्या लाइनीवर तोंडाला मास्क आणि पाठीला सिलिंडर बांधून जायचं, हेच त्याचं काम. घरी आल्यावर पुन्हा सिलिंडरची गोष्ट त्याला नको असायची. फार मागं लागली की म्हणायचा, रिटायर झालो का जाऊ.

रिटायर व्हायला चार महिने असताना ती गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यानं तिचा हात धरून माफी मागितली होती. तू एक गोष्ट मागतली अन् ती मी देली नाही, असं म्हणून तो रडला होता. चौतीस वर्षांत त्याला रडताना कोणी पाहिलं नव्हतं.  भागीरथानं त्याच्या हातावर थोपटलं फक्त. मोहित पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

घाटावर रामाजी पुढं झाला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"समुद्राखाली जायचं राहिलं तुयं. मी जातो. तुयाकरता मी जाऊन पाहून येतो. शब्द आहे माया."

तो दोन पावलं मागं आला नाही तोच तारेवरचा एक कावळा खाली उतरला आणि भाताला चोच लावली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. साहूजींनी हात जोडले. मोहितनं मात्र त्या वेळी रुक्माकडे पाहिलं, आणि रुक्मानं त्याच्याकडे. रामाजीनं ते पाहिलं, पण त्याचा काही अर्थ लावायचं त्याला कारण नव्हतं.

पुढचे दहा-अकरा महिने रामाजी त्या शब्दावर जगला असं म्हटलं तर खोटं होणार नाही. मोहित आणि हर्षा वैशाली नगरात राहायचे, कुरुदच्या घरी तो एकटाच. सकाळी उठून भाजी चिरायची, कुकर लावायचा, नोकरी होती तोवर ड्यूटी करायची, रिटायर झाल्यावर दुपार कशी तरी ढकलायची. पण आठवड्यातले तीन दिवस तो सायकल काढून प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरातल्या तरणतलावावर जायचा. साठीत पोहायला शिकायचं म्हणजे पोरांना हसायला विषय. त्यानं ते सोसलं. तिथं संघमित्रा नावाची मुलगी शिकवायची. तिचे वडील प्लांटमध्येच कोक ओव्हनच्या भट्टीवर होते, त्यामुळं ती त्याला ओळखत होती. तिनं स्वतः अंदमानला जाऊन पाण्याखालचं शिक्षण घेतलं होतं. रामाजीचा सारा विचार ऐकून ती आधी हसली, मग गंभीर झाली.

ती म्हणाली, काका, तुम्हाला सिलिंडरची सवय आहे हीच तुमची अडचण होणार आहे. गॅसमध्ये मास्क सरकला तर तुम्ही काय करता? रामाजी म्हणाला, दम धरतो आणि बाहेर निघतो. एक श्वास आत गेला की माणूस संपला. संघमित्रा म्हणाली, पाण्यात उलटं आहे. काहीही झालं तरी श्वास चालू ठेवायचा. दम धरून वर आलात तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. तिनं हे त्याच्याकडून पन्नास वेळा म्हणवून घेतलं. तलावात ती मागून येऊन त्याच्या चष्म्यात, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या काचेत, पाणी सोडायची, आणि रामाजी दर वेळी दम धरायचा. शेवटी शेवटी दहातून एकदा धरायचा. पाण्याखाली जायला हरकत नाही असा डॉक्टरनं कागद दिला. संघमित्रानं मनाविरुद्ध हो म्हटलं.

कुठं जायचं तेही ठरलं होतं. भागीरथाच्या कपाटात साड्यांखाली एक घडी घातलेला रंगीत कागद त्याला सापडला होता. मालवणकडची एक बोट, दोन दिवस, किनाऱ्यापासून चार तास आत, समुद्रातल्या खडकांपाशी बोटीतच मुक्काम, आणि खाली फोन नंबर.  बिचारीनं कुठून तरी मिळवून जपून ठेवला, आणि आपण रिटायर झालो का जाऊ करत बसलो. त्यानं ठरवलं, जायचं तर ह्याच बोटीवर.

मोहितला ते पटेना. त्यानं अंदमानचं काढलं, तिथं पाणी साफ असतं म्हणाला. मग लक्षद्वीपचं काढलं. मग म्हणाला ती बोट आता चालत नसेल. रामाजीनं फोन लावून पाहिला, बोट चालत होती. दोन दिवसांनी मोहित म्हणाला, मी सोबत येतो. रामाजीला बरं वाटलं. पोराला काळजी आहे असं त्यानं साहूजींना सांगितलंसुद्धा. कुरुदच्या गल्लीत साऱ्यांना माहीत होतं की रामाजी बायकोचं राहिलेलं पूर्ण करायला चालला आहे. निघताना लोकांनी कपाळाला गुलाल लावला, नारळ दिला, जसा काही काशीला चालला होता.

दुर्गहून गाडी, कल्याणला उतरून पनवेल, पनवेलहून कोकणची गाडी, मग जीप. तिसऱ्या दिवशी पहाटे ते बोटीवर चढले. लाकडी बोट, मासेमारीचीच असावी. वर ताडपत्री, मागं सिलिंडरांची ओळ दोरीनं बांधलेली. पुण्याची चार पोरं-पोरी होती, ती सारखी फोटो काढत होती. पाण्याखाली नेणारा सुजय नावाचा तिशीतला माणूस होता. त्यानं मोहितकडे पाहून भुवया उंचावल्या, पण मोहितनं त्याला बाजूला नेऊन काही सांगितलं आणि तो परत आला तेव्हा रामाजीशी फक्त कामाचं बोलला. रामाजीनं सिलिंडरचा कॉक, नळी, गेज, सारं स्वतः तपासलं. सुजय म्हणाला, काका, तुम्ही तर माझीच परीक्षा घेताय.

चार तासांनी बोट थांबली. चहूकडे पाणी, जमीन कुठं दिसत नव्हती, आणि बोटीखाली पाण्याचा रंग हिरवट झाला होता. तिथं पाण्याखाली खडक वर आले होते म्हणाले. नांगर टाकला. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्हातारा, स्वतःच चहा घेऊन आला. पांढऱ्या खुंटांची दाढी, एक डोळा बारीक. रामाजीला पेला देऊन तो मोहितकडे वळला.

"आवशीक नाय हाडलास ह्या खेपेक?"

मोहितनं ऐकू न आल्यासारखं केलं. तांडेलाला वाटलं ह्या लोकांना आपली बोली कळली नाही. मग तो सगळ्यांना समजेल असं बोलला. तुझ्या आईचं विचारतोय, म्हणाला. मागं आली होती ती. पाण्याला भिईल असं वाटलं होतं आम्हाला, तर चार वेळा खाली गेली. वर यायला तयार नव्हती बाई. नाक सोललं उन्हानं, खोबरेल लावून बसायची इथं, ह्याच फळीवर.

"कोणाची आई?" रामाजीनं विचारलं.

"ह्याची की." तांडेल हसला. "तुम्ही कोण त्यांचे?"

 रामाजीनं चहाचा पेला फळीवर ठेवला. तो कलंडला, चहा सांडून तांडेलाच्या पायाशी गेला. तांडेलाला काही तरी चुकल्याचं कळलं असावं. तो पुसायला फडकं आणायच्या निमित्तानं गेला तो परत आला नाही.

"कवा आली होती?"

"बाबा, मी तुमाले..."

"कवा?"

"दोन वर्षं झाले. फेब्रुवारीत."

फेब्रुवारी. रामाजीला फार आठवावं लागलं नाही. फर्नेसची कॅपिटल रिपेअर, म्हणजे मोठी दुरुस्ती, निघाली होती आणि त्याची सोळा दिवस डबल ड्यूटी होती. भागीरथा म्हणाली होती, रुक्माच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदू, तिच्या घरी करणारं कोणी नाही, मी आठ दिवस जाते. मोहित तिला सोडायला गेला होता. फोन लागायचा नाही. लागला की भागीरथा म्हणायची, इथं नेटवर्क येते अन् जाते. नंतर एकदा त्यानं रुक्मालाही फोन करून विचारलं होतं, डोळा कसा आहे. रुक्मा म्हणाली होती, आता चांगलं दिसून राहिलं, भाऊजी. आणि भागीरथा परत आली तेव्हा तिच्या नाकाचं कातडं निघालं होतं. लाखोळीचं पीक उपटायला वावरात बसली होती म्हणाली. रामाजी ड्यूटीवरून आला की रोज तिच्या नाकाला दुधाची साय लावायचा. आठ दिवस लावली होती. ती डोळे मिटून लावून घ्यायची.

मोहित खाली बसून सांगत होता. आईनंच ठरवलं होतं. आईनंच म्हटलं होतं, तुझ्या बाबाला सांगायचं नाही. रुक्मामावशीला तिनंच शपथ घातली. परत आल्यावर सांगू म्हणाली होती, मग म्हणाली दिवाळीत सांगू, आणि दिवाळीत तर दुखणंच निघालं. मोहितचं मराठी मध्येच सुटलं आणि तो हिंदीत गेला. हिम्मत नहीं हुई, मैं रोज सोचता था.

"मराठीत बोल," रामाजी म्हणाला. "आईचं सांगून राहिला तू."

मोहितनं बाहीनं तोंड पुसलं.

"दवाखान्यात मी तिची माफी मागून राहिलो होतो. तू पायथ्याशी उभा होता."

"हो."

"घाटावर होता."

"कावळा शिवला, बाबा. मले वाटलं, आता सांगून काय करू."

"कावळा माया बोलण्यानं आला का भुकेनं आला, तुले काय माहीत? अन् मंग? वर्षभर मी पोरासोरात त्या टाक्यात हातपाय मारून राहिलो, तवा तू मले पाहाले यायचा. टॉवेल द्यायचा."

 पुण्याची पोरं एकदम फार शहाणी होऊन बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती.

मग रामाजीनं विचारलं, "मी मारलं असतं का तिले?"

"नाही."

"मंग?"

"तुमी नाही म्हटलं असतं. अन् तुमी नाही म्हटलं का आई कधी गेली नाही कुठं. बस, एवढंच."

त्यानंतर रामाजी उठला आणि सुजयला म्हणाला, मला खाली जायचं आहे. सुजयनं दोनदा विचारलं, काका, आज राहू दे का, उद्या सकाळी जाऊ. रामाजी म्हणाला, मी पाहायले आलो, पाहून जातो. मोहितनं सामान चढवायला घेतलं तेव्हा रामाजी त्याच्याकडे न बघता सुजयला म्हणाला, हा नाही. हा वरच राहीन.

पाण्यात शिरल्यावर पहिल्यांदा कान दुखले. शिकवल्याप्रमाणं त्यानं नाक दाबून कान मोकळे केले. सुजय त्याच्या पट्ट्याला धरून हळूहळू खाली नेत होता. सात-आठ मीटरवर तळ दिसला, आणि मग ते सारं दिसलं. दगड नव्हते ते. दगडावर दगड वाढावे तसं काही तरी, जांभळं, पिवळं, कोबीच्या गड्ड्यासारखं, हरणाच्या शिंगासारखं. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे त्याच्या हाताजवळून जात होते आणि घाबरत नव्हते. एका कपारीत मोठा राखी मासा तोंड उघडून होता आणि दोन बारके मासे त्याच्या तोंडात शिरून बाहेर येत होते. टीव्हीवर होतं तसंच होतं. टीव्हीपेक्षा शांत होतं.

आता बोलायचं म्हणून त्यानं वर्षभर काही जमवून ठेवलं होतं. पाहिलं बरं का तुयाकरता. एवढंच म्हणायचं होतं मनात. ते आता कोणाला म्हणायचं? तिनं पाहिलं होतं हे. ह्याच कपारीपाशी आली असेल. मासा पाहून तिनं सुजयचा हात दाबला असेल, मोहितचा दाबला असेल. घरी येऊन त्याच्या समोर बसून दोन भाकरी थापल्या असतील आणि म्हटलं असेल, वावरात ऊन फार होतं. पुढचं सारं वर्ष तो रिटायर झालो का जाऊ म्हणायचा आणि ती म्हणायची, हो, जाऊ ना.

चष्म्यात पाणी आलं. कुठून आलं ते त्याला कळलं नाही. खालच्या कडेनं आलं असेल, किंवा त्याच्याच डोळ्यांतलं असेल. नाकाशी पाणी लागलं मात्र, आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं त्याचं काम केलं. त्यानं दात दाबले, दम धरला आणि बाहेर निघायला पाय मारले. बाहेर म्हणजे वर. त्या वेळी त्याला ना संघमित्रा आठवली, ना तिनं पन्नास वेळा म्हणवून घेतलेलं वाक्य.

सुजयनं त्याचा पाय धरला. एका हातानं पट्टा धरून त्याला खाली ओढलं आणि दुसऱ्या हातानं पोटात बुक्की मारली, चांगली जोरात. रामाजीच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोट निघाला. सुजय चष्म्याला चष्मा लावून त्याच्या डोळ्यांत बघत होता आणि हातानं खूण करत होता, सोड, घे, सोड, घे. रामाजीनं श्वास घेतला. मग दुसरा घेतला. वर यायला त्यांना पाच मिनिटं लागली असतील. शिडीवर मोहित कंबरभर पाण्यात उभा होता. रामाजीनं त्याचा हात धरला नाही. कठड्याला धरून चढला.

वर आल्यावर सुजयनं त्याला आधी पाणी दिलं, छातीत दुखतं का, बोटांना मुंग्या येतात का ते विचारलं, आणि मग झापलं. आणखी चार हात वर गेला असतात तर मी तुम्हाला किनाऱ्यावर पोचवू शकलो नसतो, म्हणाला. रामाजीनं ऐकून घेतलं. चूक त्याची होती. पुन्हा खाली नेणार नाही असं सुजयनं सांगितलं, त्यालाही तो हो म्हणाला.

दुपारी सुजय त्याच्याजवळ येऊन बसला. रागावल्याचं त्याला वाईट वाटत असावं. म्हणाला, काकू तुमच्याबद्दल खूप सांगायच्या. माझा माणूस पाठीला सिलिंडर लावून गॅसमध्ये जातो, त्याला तुम्हाला काही शिकवावं लागणार नाही, असं म्हणायच्या. पुढच्या वर्षी त्यांना घेऊन येते म्हणाल्या होत्या. म्हणून तर नंबर असलेला कागद मागून घेतला माझ्याकडून.

सुजयला वाटलं असेल की ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटेल. रामाजी मनात हिशेब लावू लागला. म्हणजे इथं ती परक्या माणसांना सांगत होती की माझा माणूस येणार आहे, आणि त्याच आठवड्यात त्या माणसाला सांगत होती की रुक्माच्या डोळ्यावर पट्टी आहे. इथल्या तांडेलाला माहीत, सुजयला माहीत, मोहितला, रुक्माला, बहुतेक हर्षालाही. चौतीस वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्यालाच तेवढं माहीत नाही. तिला हे सांगायला दवाखान्यात पाच महिने होते. तो रोज उशाशीच बसायचा.

"मंग तिचं राहिलं काय होतं?" त्यानं मोहितला विचारलं. पाण्यातून वर आल्यापासून तो मोहितशी बोललेला हा पहिला शब्द. "कावळा तास-दीड तास बसून होता. काय राहिलं होतं तिचं?"

मोहितनं खरंच विचार केला. मग म्हणाला, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याची पोरं पाण्यात गेली. मोहित मोबाइल घेऊन रामाजीजवळ आला. म्हणाला, आईचा व्हिडिओ आहे, खालचा. सुजयनं काढला होता. चाळीस सेकंदांचा आहे. हसते त्यात.  दोन वर्षं त्यानं तो लपवून ठेवला होता. आईच्या तेराव्याला, आईच्या वाढदिवसाला, एकटा बघत असेल.

रामाजीला पाहावंसं वाटलं नाही असं नाही. अकरा महिने झाले होते तिला हलताना पाहून. तो मोबाइलकडे हात नेता नेता थांबला.

"तिनं मले दाखवला नाही," तो म्हणाला. "तू काहून दाखवतो? ठेव तुयापाशी."

परतीच्या वाटेवर बापलेक कामापुरतं बोलले. पाणी घे, डबा उघड, कल्याण आलं. दुर्गला उतरल्यावर मोहित कुरुदपर्यंत सोडायला येतो म्हणाला. रामाजीनं पिशवी स्वतःच उचलली आणि ऑटो केला. गल्लीत साहूजी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, हो गया भैया, भाभी का काम? रामाजी म्हणाला, थक गया हूँ, बाद में बताता हूँ. साहूजींनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दारापर्यंत आणून दिली.

वर्षश्राद्धाला बारा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो डाळ निवडत बसला होता तर रुक्माचा फोन आला. तिनं आधी प्रवासाचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मोहितनं तिला काही कळवलं नव्हतं असं दिसलं, कारण तिचा आवाज नेहमीचा होता. श्राद्धाला दोन दिवस आधी येते, वडे मी करते, असं म्हणाली. मग म्हणाली, बरं झालं भाऊजी, बाईचा जीव मोकळा झाला. साऱ्या गावाला मी सांगतलं, माया भाऊजीनं शब्द पाळला म्हणून.

रामाजीनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं.

"रुक्मा, भागीरथा तुया घरी शेवटची कवा आली होती?"

 तिकडं मागं कोणी तरी बोअरची मोटर चालू केली होती, ती तेवढी ऐकू येत होती. मग रुक्मा रडायला लागली. रडत रडतच तिनं सांगितलं, बाईनं मायी शपथ घातली होती भाऊजी, पोराबाळांची घातली होती, मी काय करू. बाईचं मन किती होतं तुमाले माहीत नाही. तिले वाटे, आपण एकदा पाहून येऊ, भिण्यासारखं नाही हे कळलं का मंग तुमाले नेऊ. तुमाले भेव वाटते म्हणे पाण्याचं, तुमी सांगत नाही म्हणे.

रामाजी ऐकत राहिला. भीती वाटत होती हे खरं होतं. ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, भागीरथालासुद्धा नाही. तिला ते माहीत होतं, आणि माहीत आहे हेही तिनं सांगितलं नव्हतं. राग उतरेल असं त्याला क्षणभर वाटलं. उतरला नाही. फक्त बसायची जागा बदलून घेतली त्या रागानं.

रुक्मा म्हणाली, आता श्राद्धाले लोक जमतीन, कोणाले काही सांगू नका भाऊजी. झालं ते झालं. तुमी पाहून आले, एवढं बस आहे.

"घाटावर मी साऱ्या लोकाईसमोर बोललो," रामाजी म्हणाला. "तू बाजूले होती. मोहित होता. लोक विचारतीन मले, काय पाहिलं म्हणून. मी काय सांगू?"

"सांगा ना, पाहिलं म्हणून."

"मी पाहिलं. पण ते तिच्याकरता नव्हतं. तिनं आधीच पाहिलं होतं."

रुक्मानं नाक पुसल्याचा आवाज आला.

"तू ये श्राद्धाले. दोन दिवस आधीच ये, वडे कर. जेवणं व्हायच्या आधी तू उभी राहा अन् लोकाईले सांग, ते आठ दिवस बाई कुठं होती. मोहितही सांगीन. मी त्यालेही फोन करतो."

"मी? मी कशी सांगू भाऊजी? तुमीच सांगा, तुमी घरचे."

"मी खोटं नाही बोललो, रुक्मा," रामाजी म्हणाला. "मी काहून सांगू?"

त्यानं फोन ठेवला.  मग त्यानं मोहितचा नंबर लावला.